गेटच्या आतलं विद्यापीठ

मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याच्या, म्हणजे नामांतराच्या लढ्याचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘नाव बदलून कोणाचं पोट भरलं? तेवढी ताकद शिक्षणात लावली असती तर!’ चांगली शिकलेली, मनाने वाईट नसलेली माणसंही हे बोलतात. मला ते मुळातूनच चुकीचं वाटतं. तो लढा शिक्षणाचाच होता. सरकारी पैशातून एका अख्ख्या प्रदेशासाठी उभं राहिलेलं विद्यापीठ नेमकं कोणाचं, हा त्यातला प्रश्न होता आणि त्याचं अर्धंच उत्तर १४ जानेवारी १९९४ रोजी, ते नाव लागलं तेव्हा, मिळालं. उरलेलं अर्धं आज न भरलेल्या प्राध्यापकांच्या जागांत, वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत आणि रखडलेल्या शिष्यवृत्तीत अडकलं आहे. तेव्हा जे नामांतराच्या बाजूने होते त्यांनी, आणि जे विरोधात होते त्यांनीही, आता या दुसऱ्या अर्ध्याकडे वळलं पाहिजे.

निजामाच्या राज्यात मराठवाड्याच्या मुलासाठी विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने इंग्रजी बाजूला ठेवून उर्दूतून उच्च शिक्षण द्यायचं ठरवलं. त्या काळात हे धाडसच होतं आणि त्याचं श्रेय उस्मानियाला दिलंच पाहिजे. पण बीड-परभणीकडच्या मराठी घरातल्या पोराला तीही शिकून घ्यावी लागणारी भाषा. औरंगाबादला १९२३ मध्ये इंटरमीजिएट कॉलेज निघालं, ते आजचं शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय. त्याच्या पुढे शिकायचं तर पाचशे किलोमीटरवरचं हैदराबाद गाठायचं, नाहीतर पुणे-मुंबई. ज्याच्या घरी चार पैसे आहेत, परगावी नात्याचं कोणी आहे, त्यालाच ते जमायचं. गावकुसाबाहेरच्या घरांतून तर शाळेची पायरी चढणंच अवघड होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, तेव्हा मराठवाड्याच्या पदरात उच्च शिक्षणाचं म्हणावं असं फारसं काहीच नव्हतं.

ही पोकळी सगळ्यांत आधी ओळखली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ मध्ये स्थापन झाली होती, मुंबईचं सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ मध्ये सुरू झालं होतं. पुढचं कॉलेज त्यांना मुंबईतच किंवा पुण्यात काढता आलं असतं. विद्यार्थी आयते मिळाले असते, प्राध्यापक मिळाले असते, देणगीदारही मिळाले असते. त्यांनी निवडलं औरंगाबाद. जून १९५० मध्ये तिथे कॉलेज सुरू झालं, १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. हेच मिलिंद महाविद्यालय, आणि त्याचा परिसर म्हणजे नागसेनवन. देशाचे कायदामंत्री असताना, प्रकृती साथ देत नसताना, बाबासाहेब या माळरानावरच्या कामात जातीने लक्ष घालत होते.

नागसेनवनात काय घडलं ते नीट पाहिलं पाहिजे, कारण मराठवाड्यात उच्च शिक्षण कसं रुजलं याचं ते पहिलं मोठं उदाहरण आहे. कॉलेज काढलं म्हणजे काम झालं, असं तिथे कोणी मानलं नाही. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारखी माणसं मुद्दाम बोलावून आणली. वर्गाइतकंच महत्त्व वसतिगृहाला दिलं, कारण खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात डोकं टेकायला जागा नसेल तर वर्ग कितीही चांगला असून उपयोग नसतो. या परिसरात अनेक जातिधर्मांची मुलं शिकली. अस्मितादर्श या नियतकालिकातून दलित साहित्याच्या कित्येक लेखकांना हक्काची जागा देणारे गंगाधर पानतावणे याच वातावरणातले. आधी ते मिलिंदमध्ये शिकवत आणि पुढे विद्यापीठाच्या मराठी विभागात. म्हणजे विद्यापीठ उभं राहण्याच्या आठ वर्षं आधी, त्याच शहरात, विद्यापीठ कसं असावं याचं उदाहरण तयार होतं.

१९५६ मध्ये मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. न्या. पळणिटकर समितीने स्वतंत्र विद्यापीठाची शिफारस केली आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. एस. आर. डोंगरकेरी पहिले कुलगुरू. तेव्हाच्या औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांचं हे विद्यापीठ. शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याशी सातशे एकरांहून मोठा परिसर, एका अंगाला सोनेरी महाल, वर डोंगरात बौद्ध लेणी. पुढे तिथे पाली, उर्दू, नाट्यशास्त्र असे विभाग आले. पैठणसारख्या ठिकाणी सापडलेल्या जुन्या वस्तूंचं इतिहास संग्रहालय उभं राहिलं. ज्यांच्या घरात कधी पुस्तक नव्हतं ती मुलं इथून प्राध्यापक, अधिकारी, नट, वकील होऊन बाहेर पडली. १९७५ मध्ये शंकरराव खरात कुलगुरू झाले. माणदेशातल्या आटपाडीच्या महारवाड्यात वाढलेला लेखक मराठवाड्याच्या विद्यापीठाचा प्रमुख होतो, ही घटना तेव्हाच्या महाराष्ट्रात लहान नव्हती.

मग आलं १९७८. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली, विहिरी आणि कामं बंद केली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचा जीव घेतला गेला. ज्या माणसांनी विद्यापीठाची पायरी कधी पाहिलीही नव्हती, त्यांनी विद्यापीठाच्या नावासाठी घरदार गमावलं. सरकारने ठरावाची अंमलबजावणी थांबवली.

विरोध करणाऱ्यांत सगळेच जातीयवादी होते, असं मी म्हणणार नाही. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे मुक्तिसंग्रामातले नेते नाव बदलायला राजी नव्हते, आणि त्यांच्या त्यागाबद्दल कोणाच्या मनात शंका असायचं कारण नाही. ‘मराठवाडा’ हे नाव मोठ्या लढ्यातून, उपेक्षेच्या जाणिवेतून आलेलं आहे आणि ते पुसलं जाऊ नये, हा त्यांचा मुद्दा होता. १९७४ च्या विकास आंदोलनात विद्यार्थी याच नावाने रस्त्यावर उतरले होते. पण हा मुद्दा मला एका जागी तोकडा वाटतो. मराठवाड्याची अस्मिता म्हणताना ज्याचं घर जळत होतं तो मराठवाड्याचा नव्हता का? सालगड्याच्या पोराला या प्रदेशात शिक्षणाची पहिली मोठी वाट ज्यांनी काढून दिली, त्यांचं नाव या प्रदेशाच्या विद्यापीठाला देण्यात प्रदेशाचा अपमान कसा होतो? एस. एम. जोशींसारखे समाजवादी नेते नामांतराच्या बाजूने ठाम उभे राहिले, तेव्हा त्यांनाही नेमकं हेच दिसत होतं.

पुढची सोळा वर्षं लढा चालला. नोव्हेंबर १९७९ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला. सत्याग्रह झाले, तुरुंग भरले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे या तरुणाने स्वतःला जाळून घेतलं. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. दोन्ही नावं राहिली. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं आणि नांदेड, परभणी, लातूरकडचा भाग तिकडे गेला. आज छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद), जालना, बीड आणि धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद) हे चार जिल्हे इथे उरले आहेत.

ज्यांना हा लढा निव्वळ भावनेचा वाटतो त्यांनी एखाद्या १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर जाऊन यावं. आदल्या रात्रीपासून टेम्पो, जीप, एसटी भरभरून माणसं येतात. भाकरी-चटणीची गाठोडी असतात, कडेवर पोरं असतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ताडपत्र्या अंथरून पुस्तकं मांडलेली असतात. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड, फुल्यांचं वाङ्मय, संविधानाच्या लहान-मोठ्या प्रती, स्पर्धा परीक्षेची गाइडं. दिवसभराच्या मजुरीवर जगणारी बाई पन्नासाची नोट काढून पोरीसाठी पुस्तक घेते, विक्रेत्याला ‘हे कितवीला चालंल?’ असं विचारते, आणि मग सगळं कुटुंब गेटसमोर उभं राहून फोटो काढतं. महाराष्ट्रात आणखीही विद्यापीठं आहेत. त्यांच्या दारावर लोक असे येतात का? या विद्यापीठाएवढी लोकांची मालकी मला तरी दुसऱ्या कुठल्या विद्यापीठावर दिसलेली नाही. विद्यापीठं समाजापासून तुटली अशी तक्रार आपण करतो. इथे समाज स्वतःहून दारात येऊन उभा राहतो.

आता १५ जानेवारीला गेटच्या आत चला.

राज्यातल्या इतर सार्वजनिक विद्यापीठांसारखंच इथेही विभागांत मंजूर पदं आणि प्रत्यक्ष कायम शिक्षक यांत मोठी तफावत आहे. एक प्राध्यापक निवृत्त झाला की त्याची जागा वर्षानुवर्षं भरली जात नाही. २०१७ मध्ये राज्य सरकारने प्राध्यापक भरती थांबवली. पुढे ती उघडली, तीही तुकड्या-तुकड्याने. ग्रामीण महाविद्यालयांची अवस्था तर त्याहून बिकट. तिथे शिकवण्याचा गाडा ओढतात ते सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावरचे शिक्षक. सीएचबीचा अर्थ बाहेरच्या माणसाला कळत नाही. नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पास झालेला, बहुतेक वेळा पीएच.डी. असलेला माणूस सकाळी एका कॉलेजात दोन तास घेतो, एसटीने तीस किलोमीटर जाऊन दुसऱ्या कॉलेजात आणखी दोन घेतो. जेवढे तास, तेवढेच पैसे. दिवाळीची सुट्टी लागली, परीक्षा सुरू झाल्या, की मानधन थांबलं. बिल मंजूर होऊन खात्यात पैसे यायला महिनेच्या महिने जातात. पुढच्या जूनला पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. चाळिशी उलटलेला शिक्षक गावात लग्नसमारंभाला जायचं टाळतो, कारण तिथे पहिला प्रश्न असतो, ‘सर, परमनंट झालात का?’

हा निव्वळ नोकरीचा प्रश्न आहे असं समजू नका. कायम पद बिंदुनामावलीनुसार, म्हणजे आरक्षणाच्या ठरलेल्या क्रमाने भरावं लागतं. ज्या घरांनी नामांतरासाठी मार खाल्ला, त्या घरांतली पहिली पीएच.डी. झालेली पिढी आज याच पदांच्या रांगेत उभी आहे. रांगेत मराठा, ओबीसी, मुस्लिम, भटक्या-विमुक्तांच्या घरांतलेही आहेत, आणि बहुतेकांचे आईबाप शेतकरी नाहीतर मजूर आहेत. जागा न भरणं म्हणजे या सगळ्यांना दारातून आत घेऊन ओसरीवर थांबवून ठेवणं. आणि मुलांचं नुकसान वेगळंच. ज्या शिक्षकाला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हेच माहीत नाही, तो प्रयोगशाळा कशी उभी करणार, आणि विद्यार्थ्याच्या मागे तीन वर्षं लागून त्याला घडवणार कसा?

वसतिगृहाचा प्रश्न मी यापेक्षाही तातडीचा मानतो, त्यातही मुलींच्या वसतिगृहाचा. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची गावंच्या गावं कारखान्यांकडे निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे दोघांनाही जावं लागतं. घरी वयात आलेली मुलगी असते. तिला कोणाच्या भरवशावर ठेवायचं, या काळजीतून तिचं लग्न उरकलं जातं. बालविवाहाविरुद्ध फलक लावून, शपथा घेऊन हे थांबत नाही. आईबापाला सहा महिने निर्धास्त ठेवणारी जागा मिळाली तर थांबतं. वसतिगृहात एका मुलीला मिळालेली खाट म्हणजे त्या घरातलं तीन-चार वर्षं पुढे गेलेलं लग्न आणि हातात आलेली पदवी. नागसेनवनात पंचाहत्तर वर्षांपूर्वी जे कळलं होतं, ते आज आपल्या नियोजनात सगळ्यांत शेवटी येतं. कमवा आणि शिका योजना आहे, वसतिगृहात नंबर न लागलेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचे अर्ज आहेत. कागदावर सगळं आहे. पण सप्टेंबरात मेसचं बिल भरायचं असतं आणि शिष्यवृत्ती येते पुढच्या वर्षात. मधल्या काळात मुलगा गावी परत जातो आणि हजेरीपटावर नुसतंच ‘गैरहजर’ लागतं. तो का गेला, हे विचारणारं कोणी नसतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी गंभीरपणे घेतो. सगळ्यांना सामावून घेण्याच्या नादात दर्जा घसरतो, त्यापेक्षा थोडीच पण उत्तम मुलं घडवावीत, क्रमवारीत वर यावं, असं काहीजण म्हणतात. मराठवाड्याचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. इथे जे जे नाव घ्यावं असं झालं, दलित साहित्याची चळवळ असो की नाट्यशास्त्र विभागातून मराठी रंगभूमीला मिळालेली माणसं, ते खेड्यापाड्यांतल्या मुलांना आत जागा मिळाली म्हणून झालं. युवक महोत्सवात भारूड, पोवाडा, लोकनाट्य सादर करणाऱ्या पोरांकडे पाहिलं तरी हे कळतं. दर्जा घसरतो तो वर्गात शिक्षक नसल्याने. गरीब मुलांवर त्याचं खापर फोडणं अन्यायाचं आहे.

संशोधनाबद्दल मात्र मला विद्यापीठालाही जाब विचारावासा वाटतो, सगळं सरकारवर ढकलून चालणार नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय देशभर गाजला. तो पुढे आणला पत्रकारांनी आणि महिला संघटनांनी. विधिमंडळात चर्चा झाली, समिती नेमली गेली. हा विषय सर्वांत आधी ज्यांच्या अभ्यासात यायला हवा होता, ते समाजशास्त्राचे, अर्थशास्त्राचे विभाग याच जिल्ह्याच्या विद्यापीठात आहेत. त्या विभागांत याच महिलांची मुलं शिकतात. जायकवाडी धरणाच्या पाण्यावरून वरच्या आणि खालच्या भागांत वारंवार भांडण होतं, मोसंबीच्या बागा वाळतात, कापसाचं गणित कोलमडतं. या प्रत्येक विषयावर मराठवाड्याचं स्वतःचं, भक्कम, आकडेवारीसह ज्ञान असलं पाहिजे आणि ते इथेच तयार झालं पाहिजे.

माझी एक साधी सूचना आहे. या विद्यापीठात मंजूर होणाऱ्या प्रत्येक पीएच.डी. प्रबंधाचा दहा पानी सारांश सोप्या मराठीत असावा आणि ज्या तालुक्यावर तो अभ्यास झाला तिथल्या पंचायत समितीत, वाचनालयात, कॉलेजात तो पोचावा. शक्य असेल तिथे संशोधकाने ग्रामसभेत उभं राहून आपलं काम सांगावं. गावाच्या विहिरींवर प्रबंध लिहिणाऱ्याला गावाने चार प्रश्न विचारले तर पुढचा प्रबंध आपोआप सुधारेल. उचलून चिकटवलेले प्रबंधही अशा सभेत टिकणार नाहीत. याला फारसे पैसे लागत नाहीत, इच्छा लागते. आणि ज्या विद्यापीठाच्या दारात लोक दर वर्षी आपणहून येतात, त्याला लोकांकडे जायला संकोच वाटायचं कारण काय?

शेवटी धाराशिवबद्दल. तिथे विद्यापीठाचा उपपरिसर आहे. संभाजीनगरपासून तो अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि उमरग्याकडचा विद्यार्थी तर त्याच्याही पलीकडचा. एकेकाळी हैदराबाद जितकं लांब वाटायचं, तितकंच त्याला आज संभाजीनगर लांब आहे. स्वतंत्र विद्यापीठाची मागणी म्हणूनच होते आणि तिच्यामागची तळमळ मला समजते. पण आज तसा नुसता निर्णय झाला तर नवा कुलगुरू येईल, नवी इमारत होईल, नवे कर्मचारी येतील आणि शिकवायला पुन्हा सीएचबीवालेच असतील. त्यापेक्षा आधी या उपपरिसरातल्या प्रत्येक विभागाला पूर्ण संख्येने कायम शिक्षक द्या. मुलींचं मोठं वसतिगृह बांधा. सातवाहन काळातलं व्यापाराचं गाव असलेलं तेर तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. त्याचा अभ्यास करणारा पुरातत्त्वाचा सशक्त विभाग धाराशिवलाच असायला हवा, त्यासाठी मुलांना पुण्याला जावं लागू नये. कोरडवाहू शेती आणि पाणी यांवरचं संशोधन केंद्र तिथे काढा. एवढं उभं राहिलं की स्वतंत्र विद्यापीठ मागायला मीही रस्त्यावर येईन.

तोवर बीड आणि धाराशिवमधून अधिसभेवर, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटवर निवडून गेलेल्या पदवीधर सदस्यांनी एवढं करावं: येत्या अर्थसंकल्पी बैठकीत पहिला प्रश्न मुलींच्या वसतिगृहात किती खाटा वाढल्या हा विचारावा, दुसरा किती कायम पदं भरली हा, आणि लेखी उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्या विषयाला हात लावू देऊ नये.